पाकटांच्या डॉक्टरीणबाई

नोकरीची पहिली काही वर्षं मी प्रसूती कक्षात राहत होतो. हे घरी सांगताना जरा जड गेलं. आईने फोनवर दोनदा विचारलं, "कुठे म्हणालास?" आणि मग फोन वडिलांकडे दिला.

मी मूळचा जतकडचा. पाणी टँकरने येतं अशा गावातला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कुंभवलीच्या अंगाला, एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये मला काम मिळालं. बोईसरमध्ये खोल्या बघितल्या, पण एका खोलीत सहा माणसं आणि सातवं गॅलरीत अशी सगळीकडची व्यवस्था. कुणीतरी सांगितलं की रिक्षाने किनाऱ्याकडे गेलास तर खाडीच्या तोंडाशी एक गाव आहे, तिथे एका डॉक्टरीणबाईंचं बंद पडलेलं प्रसूतिगृह आहे, त्या खोल्या भाड्याने देतात, हवा उत्तम आहे. हवा खरोखरच उत्तम होती. फक्त माझ्या खोलीच्या दारावर पितळी अक्षरांत 'प्रसूती कक्ष' असं लिहिलेलं होतं, आणि ते काढायला बाई तयार नव्हत्या.

"का म्हणून काढायचं? खोटं लिहिलंय का?" त्या म्हणाल्या. "अर्धं गाव या खोलीत जन्मलंय. तू नुसता भाडेकरू आहेस."

शेजारच्या 'नवजात शिशू विभागा'त पांडेजी नावाचे एक सुपरवायझर राहत. पंचेचाळिशीचे, भरघोस मिशांचे, बलियाकडचे. बाई भाडेकरूंना नावाने हाक मारत नसत, खोलीने मारत. मला 'लेबर रूम' आणि पांडेजींना 'शिशू'. "ए शिशू, मोटर बंद कर," असा आवाज आला की पांडेजी गंजीफ्रॉकवर धावत जात. त्यांना त्यात काही गैर वाटत नसे. गावाकडे आईला त्यांनी अभिमानाने कळवलं होतं, "मालकिन हमको शिशु कहके बुलाती हैं."

बाई तेव्हा सत्तरीच्या होत्या. उंच, काटक, आवाज असा की वॉर्डाच्या एका टोकाला बोलल्या तर दुसऱ्या टोकाची बाई बाळंत व्हावी. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं विचारणाऱ्याला त्या सांगत, "परिणाम रोज बघत होते ना." बोईसरला आणि पालघरला मोठी हॉस्पिटलं झाली, बायका तिकडे जायला लागल्या, आणि बाईंनी एक दिवस पाटी उतरवली. पाटी उतरली तरी गावावरची हुकमत उतरली नाही. ती कायदेशीर नव्हती. पण गावातल्या प्रत्येक कर्त्या माणसाला बाईंनी पहिल्या मिनिटाला पाहिलेलं होतं, आणि ते त्या विसरत नसत. माणसाची ओळख करून देताना त्या त्याचा हुद्दा सांगत नसत, जन्म सांगत. रेशन दुकानदार पायाळू. पोस्टमन नाळ गळ्यात अडकून आलेला, "म्हणून पत्रं अडकतात". आणि सरपंच चिमट्याने ओढून काढलेला. "अजून तसाच आहे. ओढल्याशिवाय हलत नाही."

संध्याकाळी मी कारखान्यातून परतलो की व्हरांड्यात ठरलेली चौकशी होई.

"तुझ्या कारखान्याने आज समुद्रात काय टाकलं?"

"बाई, आम्ही बाटल्यांची झाकणं बनवतो."

"म्हणजे झाकणं टाकलीत."

समुद्राबद्दल त्यांना इतका पुळका कधीपासून, हे मला मथुराने सांगितलं. मथुरा खाडीवर मासेमारी करणारी. खाडीच्या तोंडाशी जो उथळ वाळूचा पट्टा आहे, तिथे खुंट्या रोवून ती बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं, जाळं लावायची आणि ओहोटीला कोळंबी, बोयटं, जे अडकेल ते गोळा करायची. तिची चारही मुलं माझ्या खोलीत जन्मलेली. त्यामुळे भाडं मी देत असलो तरी खोलीवर जास्त हक्क तिचा होता. दार न वाजवता ती आत येई.

झालं होतं असं. बाई सकाळी बोंबील घ्यायला बंदरावर गेल्या होत्या. नुकत्याच लागलेल्या होडीतून एक भलं मोठं पाकट वाळूवर टाकलं होतं. पाकट म्हणजे चपटा, सुपासारखा पसरट मासा, मागे चाबकासारखी शेपटी आणि शेपटीवर विषारी काटा. लिलावाची बोली चालू होती, आणि पाकटाच्या पोटाखालून एक पिल्लू बाहेर आलं. घडी घातलेल्या रुमालासारखं. वाळूवर पडल्यावर ते उलगडलं. मग दुसरं. कोळ्यांना त्याचं काही नवल नव्हतं. जाळ्यात सापडलेलं गाभण पाकट असं वेळेआधी रिकामं होतं, हे त्यांनी कितीदा पाहिलेलं. बाईंनी मात्र कधीच पाहिलेलं नव्हतं. सगळं आयुष्य समुद्रकाठी काढून, मासे खाऊन, मासे अंडी घालतात या समजुतीवर त्या निर्धास्त होत्या.

"खाली बसल्या बंदरावर," मथुरा सांगायची. "पिशवी टाकली. साडी वर खोचली. म्हनाल्या, बाजूला व्हा सगळे, वारा येऊ द्या तिला. आमी म्हनलं, बाई, काटा मारील. तर म्हनतात, माज्यावर आजवर कुनी हात उचलला नाय. आन् पाकटाच्या पोटावर हात ठेवून म्हनतात, हां, येऊ दे, येऊ दे."

आली तेवढी पिल्लं बाईंनी बोंबलांच्या पिशवीत पाणी भरून उथळ पट्ट्यावर नेऊन सोडली. पिल्लांची आई अर्थातच विकली गेली. ज्याने घेतली त्याला बाईंनी विचारलं, "बाळंतिणीला खाणार तू?" तो म्हणाला, "नाय बाई, मी व्यापारी हाय. विकनार."

त्या दिवसापासून बाईंनी पाकट खाणं सोडलं. बाकी सगळे मासे चालू होते. पापलेट, बोंबील, सुरमई, कोळंबी, सगळं. मी एकदा भीत भीत विचारलं की हा भेदभाव का. त्या ताटातलं पापलेट उलटवत म्हणाल्या, "हे अंडी घालतं. अंडी घालून निघून जाणाऱ्यांशी माझा काय संबंध? जे बाळंत होतं ते माझं."

मग त्या रोज ओहोटीला पट्ट्यावर जाऊ लागल्या. मी सुट्टीच्या दिवशी बरोबर असे. पाणी घोट्यापर्यंत, फार तर गुडघ्यापर्यंत. वरून बघितलं तर नुसती वाळू. पण थांबून बघत राहिलं की वाळूत दोन डोळे दिसत. मग आणखी दोन. बशीएवढी पिल्लं वाळू अंगावर ओढून पडलेली असायची. उथळ पाण्यात मोठे मासे येत नाहीत, किडे आणि बारीक कोळंबी हाताशी, पाणी ऊबदार. पहिले काही महिने ती तिथेच काढतात. बाईंनी मला चालायला शिकवलं. पाय उचलून टाकायचा नाही, वाळूवरून घासत पुढे सरकवायचा. धक्का लागला की पाकट बाजूला होतं. पाय वरून पडला की काटा मारतं. "त्यात त्याची चूक नाही," त्या म्हणत. "झोपलेल्या पोरावर पाय देशील तर आणखी काय होणार?"

पट्ट्यावर रविवारी शहरातली माणसं यायची. बाटल्या फोडणारी, कुत्र्यांना पाण्यात पळवणारी, फुटबॉल खेळणारी. त्यांच्यासाठी बाईंनी माळ्यावरून प्रसूतिगृहाच्या जुन्या पाट्या काढल्या आणि वाळूत रोवल्या. 'शांतता राखा' ही एक. तिच्याखाली बसून लोक मोबाईलवर गाणी लावत. मग त्यांनी दुसरी लावली, 'पुरुषांना आत प्रवेश नाही'. ही मात्र लागू पडली. पुढच्या रविवारी पुरुष सुरूच्या झाडांखाली थांबले आणि त्यांच्या बायका, वहिन्या, सासवा आणि मुली पट्ट्यावर उतरल्या. बायकांना आंघोळीसाठी राखीव किनारा निघाला आहे अशी बातमी बोईसरच्या चाळींत पसरली. त्याच्या पुढच्या रविवारी टेम्पो करून बायका आल्या. कुणी कधी समुद्रात मोकळेपणाने उतरलेलं नव्हतं. साड्यांसकट एकमेकींना पाण्यात बुचकळत होत्या, हसत होत्या. बाई काठावर कमरेवर हात ठेवून उभ्या. हाकलायला गेलेल्या, पण त्यांच्याच्याने हाकलवेना. संध्याकाळी त्यांनी स्वतः पाटी उपटून आणली आणि म्हणाल्या, "बायांना कुठे जागाच ठेवलेली नाही रे. पण ही जागा आधीच भरलेली आहे."

केतकी आली ती याच सुमाराला. मुंबईहून आलेली संशोधक मुलगी, पाकटांच्या पिल्लांचा अभ्यास करणारी. गुडघ्यापर्यंत बूट, डोक्याला टोपी, बोलणं हळू. बाईंना वाटलं, आपला वारसदार आला. त्यांनी तिला 'जनरल वॉर्ड' दिला आणि पहिल्याच जेवणात सगळा इतिहास ऐकवला. आपण पट्ट्यावरचं हे पाकटांचं प्रसूतिगृह कसं शोधून काढलं, कसं चालवतो आहोत, वगैरे. केतकीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग दोन वाईट बातम्या दिल्या.

पहिली अशी, की हे प्रसूतिगृह असेलच असं नाही. पाकटाची मादी कुठेतरी जवळपास बाळंत होत असेल, पण या पट्ट्याचं महत्त्व त्यात नाही. पिल्लं इथे इतर ठिकाणांपेक्षा जास्त दिसतात, इथे बरेच दिवस राहतात, आणि दर वर्षी नवी पिल्लं याच जागी येतात. म्हणून ही जागा राखायला हवी. शास्त्रात अशा जागेला नर्सरी म्हणतात.

"नर्सरी झाडांची असते," बाई म्हणाल्या.

"लहान मुलांचीही असते ना, मॅडम. बालवाडी."

बाईंचा हात ताटात थांबला. "म्हणजे मी इतके दिवस बालवाडी चालवत होते?"

हा धक्का किती मोठा होता ते केतकीला कळण्यासारखं नव्हतं. बाईंना लहान मुलं मुळीच आवडत नसत. मूल बाहेर आलं, रडलं, आईच्या कुशीत गेलं, की त्यांच्या लेखी ते संपलं. गावातली पोरं अंगणात आली की त्या त्यांना हुसकावून लावत. म्हातारपणी आपण बालवाडीच्या बाई झालो, हे पचायला त्यांना दोन दिवस लागले.

दुसरी बातमी त्याहून वाईट होती. मुशी, म्हणजे तो लहान शार्क, तोही पिल्लांना जन्म देतो. आणि मुशीचं कालवण हा बाईंचा जीव की प्राण. ही बातमी केतकीने दिली तेव्हा पातेल्यात मुशीच होती. बाईंनी पातेल्याकडे बघितलं, केतकीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "हे जेवण झाल्यावर सांगता आलं नसतं तुला?" त्या दिवशी त्या जेवल्या. दुसऱ्या दिवसापासून मुशी बंद. केतकीशी बोलणंही आठवडाभर बंद.

पण मग त्या दोघी एका बाजूला आल्या, कारण दुसऱ्या बाजूला सरपंच आला.

गावात चौपाटी करायची ठरली होती. खाडीच्या तोंडाशी दगडी बंधारा, आत मुरमाचा भराव, त्यावर बाकं, दिवे आणि गाड्या उभ्या करायला जागा. केळवे-माहीमला पर्यटक येतात, मग आपल्याकडे का नाही, असा सरपंचाचा सवाल होता, आणि तो चुकीचा नव्हता. भराव जिथे पडणार होता तो नेमका पिल्लांचा पट्टा. केतकीने वरच्या कचेरीत अर्ज केला. पाहणीला माणूस आला, तो ऐन भरतीच्या वेळी. त्याने काठावर उभं राहून समुद्राचा फोटो काढला आणि काही दिवसांनी उत्तर आलं की सदर ठिकाणी पाहणी केली असता पाणी आढळून आले.

मग ग्रामसभा. बाई इस्त्रीची साडी नेसून गेल्या. त्यांनी भाषणाची तयारी केली होती आणि ते खरोखर चांगलं झालं. पाकटाची मादी वयात यायला वर्षं लागतात, एका वेताला थोडीच पिल्लं होतात, ती वाढायची जागा गेली की पुढे जाळ्यात यायला मोठं पाकटच उरणार नाही, हे त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की मलाही कळलं. शेवटी सरपंचाकडे वळून म्हणाल्या, "आणि तू. तुला मी चिमट्याने ओढून काढलाय, ते सांगू का सगळ्यांना?"

"सगळ्यांना ठाऊक हाय, बाई," सरपंच नम्रपणे म्हणाला. "माज्या लग्नात पन सांगितलंत तुमी."

लोक हसले. मागून मथुरा उठली. मला वाटलं, ही तरी बाईंच्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, "बाई म्हनतात पिल्लं वाचवा, हे म्हनतात चौपाटी करा. माज्या जाळ्याचं कोन काय बोलत नाय. पिल्लं वाचवायला माजं जाळं काढनार, चौपाटीला माज्या खुंट्या काढनार. मी दोगांच्या मदी कुठं हाय?"

  बारीक आसाचं जाळं काढायला लावा, असं बाईंनीच भाषणात म्हटलेलं होतं.  मग सरपंचाने बाईंच्या मार्गदर्शनाबद्दल आभार मानले, चौपाटीचा ठराव मंजूर झाला, आणि गावावरचे बाईंचे उपकार लक्षात घेऊन चौपाटीला त्यांचंच नाव द्यायचं असं टाळ्यांच्या गजरात ठरलं. बाई उठून चालायला लागल्या. टाळ्या चालूच होत्या.

त्यानंतरचा काळ वाईट होता. बाई व्हरांड्यात बसून राहत. मी आलो तरी झाकणांची चौकशी करत नसत. पांडेजींना एकदा त्यांनी चक्क 'पांडेजी' अशी हाक मारली, तेव्हा ते घाबरून माझ्याकडे आले. "भैया, मालकिन की तबीयत ठीक नहीं है."

आणि मग तो रविवार. पावसाळा सरला होता, पट्टा पिल्लांनी भरलेला होता. बाई बऱ्याच दिवसांनी निघाल्या म्हणून मीही बरोबर गेलो. आम्ही पाय घासत अर्ध्या पाण्यात पोचलो आणि सुरूच्या झाडांतून दोन उघड्या जीपगाड्या वाळूवर उतरल्या. आत शहरातली तरुण पोरं, कर्णा लावलेला. ओहोटीची कडक वाळू बघून त्यांनी गाड्या पट्ट्यावर घातल्या आणि गोल गोल फिरवायला लागली. पाण्याचे फवारे उडत होते. मथुराच्या खुंट्या काडकाड मोडल्या. मथुरा पलीकडून हात वर करून येत होती, पण तिचा आवाज कर्ण्याखाली बुडाला होता.

येणाऱ्या-जाणाऱ्याला पाय घासत चाला म्हणून सांगणारी बाई त्या दिवशी पाय उचलून पळाली. साडी धरून, म्हातारपण विसरून, थेट पहिल्या जीपच्या दिशेने. मी मागून हाक मारली. चार-पाच ढांगांत त्या मधेच थांबल्या. खाली बघितलं. आणि मग जी किंकाळी आली ती त्या कर्ण्यालाही पुरून उरली. जीप थांबल्या. पोरं खाली उतरली. त्यातला एक मोबाईलवर चित्रण करत होता आणि ते त्याने थांबवलं नाही.

मी आणि किंकाळी ऐकून धावत आलेल्या पांडेजींनी बाईंना उचलून आणलं. सगळ्यात जवळची खाट माझी. तेव्हा प्रसूती कक्षात बऱ्याच वर्षांनी पुन्हा एक बाई वेदनेने ओरडत आडवी झाली. ओरडता ओरडता त्याच हुकूम सोडत होत्या. गरम पाणी आणा, सोसेल तितकं गरम, पाय त्यात धरा. मथुराने पाणी तापवलं, बादली आणली, बाईंचा घोटा धरून पाय आत बुडवला. घोट्याच्या वर जखम होती, काळीनिळी. बाईंनी खाटेचे गज घट्ट धरले होते. त्या डॉक्टर होत्या, कळ ओसरायला वेळ लागतो हे त्यांना माहीत होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

"ओरडू नका," मथुरा पाण्यात बघत म्हणाली. "सगळ्या बायांना होतंय. तुमी काय जगायेगळ्या नाय."

 दात आवळून त्यांनी मथुराकडे बघितलं.

"हे कोण म्हणायचं?"

"तुमीच. याच खोलीत. थोरल्याच्या टायमाला. वर मांडीवर चापट पन मारलीत."

"मी?"

"मग काय मी?"

बाईंना पुन्हा कळ आली.  ती ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "लागली होती का गं?"

"लागली व्हती."

"खूप?"

"कळेपरीस चापटच आठवते."

बाई छताकडे बघत राहिल्या. पाणी निवलं तसं मथुराने तांब्याने त्यात आणखी कढत पाणी ओतलं, हाताने ढवळलं.

"मारून घे एक," बाई म्हणाल्या. "फिटू दे."

"पाय सुजलाय. बरा झाला की बगू."

मी आणि पांडेजी दारात उभे होतो. आम्ही दोघेही बाहेर गेलो. पुरुषांना आत प्रवेश नाही, हे त्या वेळी सांगायला पाटीची गरज नव्हती.

काट्याचा तुकडा आत राहिला होता. तो बोईसरला जाऊन काढावा लागला. बाईंनी तिथल्या तरुण डॉक्टरच्या टाक्यांना नावं ठेवली, गोधडी शिवल्यासारखे घातलेत म्हणाल्या. परत आल्यावर त्या खाटेवर होत्या. गावातल्या बायका बघायला यायच्या, कुणी रताळी घेऊन, कुणी सोडे घेऊन. बाई प्रत्येकीला एकच विचारायच्या, "मी तुला ओरडले होते का?" आधी बायका लाजायच्या, नाही म्हणायच्या. मग एकीने सांगितलं. ते बाहेर गेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून व्हरांड्यात रांग लागली. कुणाला बाई 'म्हैस' म्हणाल्या होत्या. कुणाच्या नवऱ्याला त्यांनी बाहेर सगळ्यांसमोर झापलं होतं, ते तिला फार आवडलं होतं. एक म्हातारी फक्त रडली आणि काही न सांगता गेली. बाई आडव्या पडून ऐकत होत्या. इतकी वर्षं त्यांनीच बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं अशी रीत होती. संध्याकाळी मला म्हणाल्या, "या सगळ्या जणींनी मला जिवंत कशी सोडली रे?"

इकडे त्या पोराने काढलेलं चित्रण मोबाईलमोबाईलवर फिरत होतं. त्यात मासा कुठेच दिसत नव्हता. दिसत होतं ते एवढंच, की शांत उथळ पाण्यात एक म्हातारी बाई धावतेय, थांबते, आणि किंचाळते. मासा दिसत नव्हता म्हणूनच ते भयंकर होतं. खाली कुणीतरी लिहिलं की तिथे विषारी मासे आहेत. पुढच्याने लिहिलं, बाई जागीच गेली. बाई तो मजकूर वाचायला खाटेवर उठून बसल्या आणि चहा पीत पीत पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या.

महिन्याभरात किनाऱ्यावर रविवारी कुत्रं फिरकेना. चौपाटीच्या कामाला ठेकेदार आला होता. त्याचे मजूर पाण्यात पाय घालायला तयार होईनात. आणि पर्यटकच येणार नसतील तर बाकं कुणासाठी, अशी वरून विचारणा आली. चौपाटीचा निधी दुसऱ्या कुठल्या गावाकडे वळला. सरपंच तोंड पाडून बाईंकडे आला.

"बाई, तुमी एकदा सांगा लोकांना. पाकट गरीब असतं म्हनून. मागे ग्रामसभेत सांगितलेलं, तसं."

"मी मेलेय," बाई म्हणाल्या. "मेलेली बाई कशी सांगणार?"

केतकीला मात्र हे सहन होईना. पाकट भित्रं असतं, पायाखाली आल्याशिवाय काटा मारत नाही, लोकांची भीती घालवल्याशिवाय त्याचं रक्षण होणार नाही, यावर तिने पानंच्या पानं लिहिलेली. ती म्हणाली, "मॅडम, हे चुकीच्या कारणाने वाचतंय."

"माझ्याकडे आलेली निम्मी मुलं चुकीच्या कारणाने आलेली होती," बाई म्हणाल्या. "वाढली ना? तू तुझं तिकडे इंग्रजीत लिही. इथे मराठीत कुणाला सांगू नकोस."

मथुराने नव्या खुंट्या रोवल्या. जाळं जुनंच होतं. बाईंनी त्याबद्दल पुन्हा कधी शब्द काढला नाही. पण जाळ्यात पाकटाची पिल्लं आली की मथुरा ती शेपटीला न धरता अलगद बाजूला काढायची आणि शिव्या देत पाण्यात टाकायची. हे ती बाईंसाठी करत होती, की पर्यटक परत येऊ नयेत म्हणून, की त्या बशीएवढ्या पिल्लांना बाजारात कुणी विचारत नाही म्हणून, हे मी तिला विचारलं नाही. ती मलाही शिव्याच देणार, हे दिसत होतं.

पुढे माझी बदली झाली, लग्न झालं, मी पुण्याकडे आलो. मागच्या वर्षी मनोरपर्यंत एका कामाला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून गावात गेलो. बाई घरी नव्हत्या. पांडेजी अजून शिशू विभागात होते, मिशा पांढऱ्या झालेल्या. त्यांनी किनाऱ्याकडे बोट दाखवलं.

बाई सुरूखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. फार थकलेल्या, काठी मांडीवर आडवी. शेजारी वाळूवर मथुरा जाळं नीट करत बसलेली. मी पाया पडलो. त्यांनी चष्म्यातून बघितलं आणि म्हणाल्या, "लेबर रूम. जाडा झालास." आम्ही बोलत होतो तेवढ्यात एक गाडी येऊन थांबली. नवरा, बायको, दोन मुलं, हातात हवा भरलेलं टायर. नवऱ्याने बाईंना वाकून विचारलं, "आजी, इथे पाण्यात उतरायला चालेल ना?"

बाईंनी साडी घोट्याच्या वर उचलली आणि व्रण दाखवला. मुलं दोन पावलं मागे सरली.

"बाप रे," बायको म्हणाली. "केवढा होता तो मासा?"

ज्या बाईने आयुष्यभर कुठल्याही पेशंटशी खोटं बोलायचं नाकारलं, तिने दोन्ही हात पसरता येतील तितके पसरले. मला ठाऊक होतं, ते पिल्लू बशीपेक्षा मोठं नव्हतं. मी समुद्राकडे बघत राहिलो.

मथुराने जाळ्यातून मान वर केली नाही. गाठ मारत मारत ती म्हणाली, "आन् ते तर पोर व्हतं. आय अजून आतच हाय."